पावतीपुस्तक हाती धरणाऱ्या नवशिक्यांसाठी

आदिवासींच्या आरोग्य, शिक्षण आणि पर्यावरणासाठी पंढरपुरात देणगी गोळा करायची, तर नवशिक्याने आषाढी टाळावी. महाद्वारात पावती फाडायला कोपर हलत नाही, आणि समोरचा माणूस आळंदीहून चालत आलेला असतो. त्याला तुमचं माहितीपत्रक नको, पाणी हवं असतं. माघी बरी.

पत्रकावर एकच फोटो पुरतो. बरगड्या दिसल्या की आरोग्य, हातात पाटी दिली की शिक्षण, मागे साग असला की पर्यावरण. मूल मात्र हसता कामा नये. फोटोसाठी चंद्रभागेकडे जाऊ नका. तिथला होडीवाला कोळी आपण महादेव कोळी, म्हणजे आदिवासीच, हा दाखला मिळावा म्हणून कचेरीच्या पायऱ्या झिजवतोय खरा. पण त्याच्या अंगात सदरा असतो.

‘80-जी आहे’ हे मोठ्याने सांगावं. नव्या करप्रणालीत देणगीवरची ती करसूट मिळत नाही, हे दात्याला त्याचा सीए सांगेल.

आता मुख्य विद्या. दाता विचारणार, “नाव कुठं लागणार?” तेव्हा भिंत तयार हवी. गावातल्या धर्मशाळा हिंडून या: खोलीवर नाव, बाकड्यावर नाव, पंख्याच्या पात्यावरही नाव. पंखा फिरला की ते दिसत नाही, म्हणून जाणता दाता बटण दाबण्याआधीच फोटो काढून घेतो.

म्हणूनच गडचिरोलीच्या ‘सर्च’सारखं काम नवशिक्याच्या उपयोगाचं नाही. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत केलं. आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जाते, बाळाला झोळीत घालून काट्यावर तोलते, ताप बघते, जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शन देते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरले. 1999 साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं. पण सगळं काम दुसऱ्याच्या झोपडीत! पाटी कुठं ठोकणार? त्यापेक्षा रुग्णवाहिका घ्या. चारी अंगांना नावं मावतात. डिझेल आणि ड्रायव्हरचा पगार हा पुढच्या कार्यकारिणीचा विषय.

गाडगेबाबांचा कित्ता तर मुळीच गिरवू नका. इतर धर्मशाळांच्या दारातून ज्यांना परत फिरवलं जाई, त्यांच्यासाठी त्यांनी इथंच चोखामेळा धर्मशाळा उभी केली. आणि 1949 साली ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली! असं केलं तर विश्वस्तांनी बैठका कशाच्या घ्यायच्या?

एवढं वाचूनही कुणाला खरंच द्यायचं असेल, तर त्याने रुग्णवाहिकेचे पैसे देऊ नयेत. आधीच उभ्या असलेल्या एखाद्या गाडीच्या ड्रायव्हरचा वर्षाचा पगार द्यावा. पावती नक्की मागावी.