रिसेटमामा

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा भाव सांगायला वाटेल तेवढी माणसं सापडतात. नेट बंद पडलं की मात्र नाव एकच निघतं: मामांचं. ते कुणाचे सख्खे मामा, याची चौकशी कुणी केलेली नाही. कुठं नोकरीला आहेत, याचीही नाही. टेलिफोन ऑफिसच्या फाटकापाशी त्यांची मोटारसायकल दिसायची, तेवढ्यावर लोकांनी त्यांना खात्यात जमा करून टाकलं. मामांनीही कधी 'नाही' म्हटलं नाही आणि 'हो' तर त्याहून नाही.

वरच्या खिशात टेस्टर, दोन पेनं आणि सरळ केलेली एक यू पिन. पेनांनी मामांना कधी काही लिहिताना कुणी पाहिलं नाही. पिनेचं काम मात्र रोज निघायचं.

डीएसएलचा जमाना हा मामांच्या वैभवाचा काळ. 2004 च्या केंद्रीय धोरणानं 256 केबीपीएस एवढ्या वेगालाच ब्रॉडबँड ठरवलं आणि पुढच्याच वर्षी बीएसएनएलनं 'डेटावन' आणलं. फोनच्याच तांब्याच्या तारेतून नेट येतं आणि तरी फोन एंगेज लागत नाही, याचं मोंढ्याला फार अप्रूप. रात्री 2 ते सकाळी 8 डाउनलोड फुकट असायचे प्लॅन आले, तेव्हा मामा पहाटेचा गजर लावून उठत. घरच्यांना वाटायचं काकड्याला जातात. मामा सिनेमे उतरवत बसायचे.

आडतीवर नेट अडलं की वायद्याचा भाव अडतो. सांगलीत आणि निजामाबादेत काय चाललंय ते पडद्यावर दिसेना, की शेठ गादीवरूनच ओरडतात, "मामा, नेट चालंना झालंय ओ!" मामा येतात, पण थेट मोडेमकडे जात नाहीत. आधी पंख्याखाली बसतात. चहा येतो. मग लांबूनच दिव्यांकडं बघत हळूहळू म्हणतात, "पॉवर हाय. डीएसएल हाय. इंटरनेट न्हाई." हे तिन्ही मुनीमजींनीही पाहिलेलं असतं, पण मामांच्या तोंडून आलं की त्याला निदान म्हणायचं. डीएसएलचाच दिवा लुकलुकत असला तर आणखी सोपं: "लाईन परभणीहूनच न्हाई." हिंगोली जिल्हा वेगळा झाला 1 मे 1999 ला, पण मामांची लाईन अजून परभणीहूनच येते.

त्यांची खरी परीक्षा राउटरनं घेतली. शेठनी नांदेडहून नवा वाय-फाय राउटर आणला, म्हणजे खाली दुकान आणि वर घर, दोन्हीकडं नेट. मामांनी फोनची बारीक पिन सरळ राउटरच्या मोठ्या भोकात घातली. ती तिथं ढिली का होईना, बसते, हाच घोटाळा. असल्या राउटरला फोनची तार कळत नाही. तारेवरचा सिग्नल मोडेमनं उलगडायचा, मोडेमच्या लॅनमधून निघालेली केबल राउटरच्या वॅनमध्ये जायची, असा तो रस्ता. हे नव्या पिढीच्या कुणीतरी सुचवलं. मामा म्हणाले, "तेच करत होतो."

केबल लागली तरी नेट नाहीच. कारण मोडेमचा पत्ता 192.168.1.1 आणि राउटरचाही तोच. एका गल्लीत एकाच घरनंबरची दोन घरं असली तर पोस्टमननं काय करावं? मामांनी एकाची सेटिंग बदलली आणि दुसऱ्याला बंद-चालू केलं, मग उलट. असं दुपारपर्यंत. उपाय साधा होता. राउटरचा पत्ता 192.168.2.1 करायचा, झालं. किंवा मोडेमला ब्रिज मोडला टाकून युजरनेम-पासवर्ड राउटरच्या हवाली करायचा, म्हणजे लॉगिनची यातायात राउटर करतो आणि मोडेमकडं नुसती हमाली उरते. पण साध्या उपायानं मामांचं समाधान होत नाही. त्यांनी यू पिन काढली.

रिसेटच्या भोकात पिन दाबून धरली की मोडेम कारखान्यातून आला तसा कोरा होतो. नंतरची शांतता ज्यांनी अनुभवली, त्यांनाच ती माहीत. युजरनेम गेलं, पासवर्ड गेला. तारेला लागणारे दोन आकडे, बीएसएनएलचे 0 आणि 35, तेवढे मामांना पाठ. ते टाकताना मात्र सगळ्यांनी तोंड फिरवायचं, असा दंडक. युजरनेम अखेर निघालं मुनीमजींच्या रोजमेळाच्या शेवटच्या पानावर, उधारीच्या दोन नावांच्या मधे.

संध्याकाळी वरच्या घरात फोन वाजला आणि नेट पुन्हा पडलं. "फोन आला की नेट दबतं," मामांनी सांगून टाकलं. दाबत होता माडीवरचा जादा फोन. तो स्प्लिटरच्या आधीच तारेला जोडलेला, आणि फिल्टर नाही. बोलण्याचा आवाज 4 किलोहर्ट्झच्या खाली चालतो, डीएसएल 25 च्या वर. मधे फिल्टर नसला की दोघं एकमेकांच्या अंगावर येतात, फोनमध्ये खरखर येते. पण माडीवर जायला जिना चढावा लागतो, आणि चहा खालीच मिळतो.

पैसे मामा घेत नाहीत. "तुमच्याकून काय घ्यायचं," म्हणतात आणि जुना मोडेम काखेत मारतात. 'बिघडलाय, ठेवून काय करता.' तोच मोडेम महिन्याभरानं पुढच्या गल्लीत चालू सापडतो. आता तारेच्या जागी फायबर आलं, वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, मामा आहेत तिथंच आहेत. फक्त आता म्हणतात, "आत काच हाय, हात नगा लावू." पिनेचं भोक नव्या डब्यालाही असतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बघून ठेवलंय.

एक गोष्ट मोंढ्याच्या ध्यानात उशिरा आली. मामा या टोकाच्या आडतीवरून त्या टोकाला चालत जातात तेव्हा त्यांचा मोबाइल कुठंच नेटवाचून राहत नाही. प्रत्येक दुकानाच्या वाय-फायचा पासवर्ड त्यांनी एकच ठेवलाय, आणि तो त्यांच्याच फोनचा नंबर आहे. तेव्हा मंडळी, मामा आले तर चहा जरूर पाजा, माणूस वेळेला धावून येतो. पण ते गेल्यावर युजरनेम वहीत उतरवून ठेवा, आणि वाय-फायचा पासवर्ड तेवढा बदलून घ्या.