डबा निर्दोष आहे

पॉइंटवाल्या स्कूटरचं एक बरं होतं, ती बंद पडली की गल्लीतल्या कुणालाही मत देता यायचं. पॉइंटवर काजळी धरली असेल तर पॉलिश पेपर फिरवायचा, फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास धरायची. फीलर गेज सापडत नसेल तर कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डावर भागायचं. (स्कूटर आडवी करायचा विधी पेट्रोलसाठी, ठिणगीला त्याचं काही नाही.)

मग ठिणगी पाडायला पॉइंटच्या जागी सीडीआय आला. १९८५ च्या यामाहा आरएक्स १०० मध्ये तो होता, पुढे घरोघरी झाला. राळ ओतून बंद केलेला छोटासा डबा. मॅग्नेटची कॉईल त्यातल्या कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट भरून ठेवते, पिकअप कॉईल इशारा देते, थायरिस्टर वाट मोकळी करतो आणि सगळा साठा एका दमात इग्निशन कॉईलवर जातो. तिथून प्लगला हजारो व्होल्ट. टू-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर हे सगळं सेकंदाला १०० वेळा. घासणारे पॉइंटच नाहीत, म्हणून झिजायचा प्रश्न नाही.

तरी गाडी अडली की संशय या डब्यावरच. वाड्यात काही हरवलं की सगळे नव्या भाडेकरूकडे बघतात, तसं. खरा चोर बहुधा प्लगची कॅप, गंजलेला अर्थ नाहीतर किल स्विचची सोललेली वायर. शिवाय बाहेर काढलेल्या प्लगवर दिसणारी ठिणगीही पुरतं खरं बोलत नाही; सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच दगा देऊ शकते.

टायमिंगचं प्रकरण वेगळं. पेट्रोल पेटायला क्षणभर लागतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते. बऱ्याच गाड्यांत मॅग्नेटची प्लेट सैल करून केसभर फिरवता येते. उशीर झाला की इंजिन तापतं, ओढ जाते. फार घाई केली की किक उलटी बसते आणि पिकअपच्या शौकिनाची नडगी ते बरेच दिवस लक्षात ठेवते. टायमिंग लाइट हाताशी असताना कानाने टायमिंग लावणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. गाडी मात्र मी त्यांच्याकडे देत नाही.

अर्थचा गंज खरवडून गाडी चालू झाली की गिऱ्हाईक हिरमुसतं. "एवढंच? याचे पैसे?" नव्या डब्याला त्याने कुरकुर न करता नोट काढली असती. म्हणून काही जाणते मेकॅनिक जुनाच डबा सोडवतात, फडक्याने पुसतात आणि गिऱ्हाइकासमोर परत बसवतात.