क्रियापद शेवटी येतं

साताऱ्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी व्याकरण शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी कोरियन शिकायला घेतलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, हे हार्मोनियमसारखंच दोन महिन्यांत माळ्यावर जाईल. कारण अगदी घरगुती होतं. नात कोरियन मालिका बघायची, बाई शेजारी बसून मटार सोलायच्या, आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचायच्या तर दर वेळी चष्मा बदलावा लागायचा. चष्म्याच्या कटकटीपेक्षा भाषा शिकलेली बरी, असं बाईंनी ठरवलं. शिकवणी लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दोनशे पानी वही आली, मोबाइलवर एक फुकटचं ॲप आलं आणि पहिल्या पानावर सवयीने 'श्री' पडला.

लिपीने त्यांना पहिल्याच दिवशी खिशात घातलं. जगातल्या बहुतेक लिप्यांचा जन्मदाता कोण, ते सांगता येत नाही. कोरियाच्या हंगुल लिपीचा मात्र पत्ता-ठिकाणासकट माहीत आहे: जोसॉन घराण्याचा राजा सेजोंग. चिनी अक्षरं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून त्याने १४४३ मध्ये अठ्ठावीस अक्षरांची नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती प्रजेपुढे ठेवली. त्यातली चोवीस मूळ अक्षरं आज वापरात आहेत. मधल्या वर्षी, १४४४ मध्ये, चे मान्ली नावाच्या दरबारी पंडिताने लेखी विरोध नोंदवला: स्वतःची वेगळी लिपी मंगोल, तिबेटी, जपानी असल्या रानटी लोकांची असते, आपल्याला चिनी अक्षरं असताना हे थेर कशाला? हे वाचल्यावर बाई म्हणाल्या, "प्रत्येक स्टाफरूममध्ये असा एक असतोच."

पण त्यांचा खरा जीव जडला तो अक्षरांच्या आकारावर. 'न' म्हणताना जीभ जशी वर टेकते तसा 'न'चा आकार, 'म' म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन, आणि 'क' म्हणजे घसा अडवणारी जिभेची मागची बाजू. 'क'ला एक रेघ वाढवली की 'ख', 'त'ला वाढवली की 'थ'. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य मुलांच्या गळी उतरवण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे बघून आधी आनंद झाला आणि मग हळहळ. आधी कळतं तर आपणही फळ्यावर जिभाच काढल्या असत्या!

लिपीसोबत निघालेल्या स्पष्टीकरणाच्या ग्रंथात असं आश्वासन आहे, की शहाण्या माणसाला ही अक्षरं सकाळ सरायच्या आत येतील आणि मठ्ठालाही दहा दिवस पुरतील. बाईंना अकरा लागले. त्यातला एक दिवस लाइट नव्हते, हे त्या आवर्जून सांगतात.

पुढची वाट उताराची वाटली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा कोरियनला इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी सर्वांत अवघड भाषांच्या गटात बसवते आणि २२०० तासांचा हिशेब मांडते. बाईंना त्या अमेरिकनांची दया आली. त्यांचं क्रियापद मध्येच घुसतं, त्यांना त्रास होणारच. कोरियन वाक्य मराठीसारखं शिस्तीत चालतं. 'नानुन छेगुल इल्गॉयो', म्हणजे मी पुस्तक वाचते. कर्ता, कर्म, क्रियापद, जागच्या जागी. 'छेक' म्हणजे पुस्तक, त्याला चिकटलेला 'उल' म्हणजे सरळ द्वितीया. शिवाय लिंग नाही. वाचतो, वाचते, वाचतं, सगळ्यांना एकच 'इल्गॉयो'. पुस्तक नपुंसकलिंगी, वही स्त्रीलिंगी आणि कागद पुल्लिंगी का, या प्रश्नावर बत्तीस वर्षं "पाठ करा" एवढंच उत्तर देणाऱ्या बाईंनी सुटकेचा नि:श्वास सोडला.

आणि मग संधी! 'हंगुक' म्हणजे कोरिया, 'माल' म्हणजे भाषा. पण दोन्ही जोडून म्हणताना होतं 'हंगुङमाल'. पुढे अनुनासिक आलं की मागचा 'क' वितळून 'ङ' होतो. मोबाइलवरचा तरुण हे मोठं रहस्य असल्यासारखं तीनदा समजावत होता. बाई सोफ्यावर ताठ बसल्या. "अहो, हा तर वाक् अधिक मय, वाङ्मय!" त्या दिवशी यजमानांना दुपारचा चहा मिळायला सव्वापाच वाजले.

जिथे भाषा आपली वाटली तिथेच ती पाय ओढते, हे कळायला पुढचे दोन महिने गेले.

सुरुवात कानापासून झाली. मराठी कानाला क-ख, त-थ यांतला फरक जन्मतः कळतो, म्हणून बाई निर्धास्त होत्या. पण कोरियन 'त' एक नाही, तीन आहेत. एक मऊ, एक थ सारखा फुंकरीचा, आणि एक घसा आवळून काढायचा, जो मराठीत नाही. 'ताल' म्हणजे चंद्र, 'थाल' म्हणजे मुखवटा आणि आवळलेला 'त्ताल' म्हणजे मुलगी. मऊवाल्याचंही एक धोरण नाही. शब्दाच्या सुरुवातीला तो 'त'कडे झुकतो, दोन स्वरांमध्ये सापडला की 'द' होतो. त्याच्या 'प'मधल्या भावाने तर जगाच्या नकाशाला घोळात घातलं: जुन्या पुस्तकांत पुसान आणि २००० सालच्या नव्या रोमन लेखनापासून बुसान, गाव तेच. बाईंनी खराडीच्या लेकीला फोनवर मोठ्या कौतुकाने "उरी थाल" अशी हाक मारली. म्हणजे, आमचा मुखवटा.

'उरी' मात्र त्यांना फार आवडला. उरी म्हणजे आमचा, आमची. कोरियन बाई एकुलत्या एका नवऱ्यालाही 'आमचा नवरा' म्हणते. इंग्रजी माणसाला यात बहुपतित्व दिसतं. साताऱ्यात 'आमचे हे' म्हणण्यात उभा जन्म गेलेल्या बाईला काहीच वावगं दिसलं नाही.

फसवणुकीत शब्दांचाही हात होताच. पाणी म्हणजे 'मुल'. 'मुल जुसेयो' म्हणजे पाणी द्या; यजमानांना ते देवीला केलेल्या नवसासारखं ऐकू यायचं. 'फुल' म्हणजे गवत. 'मॉरी' म्हणजे डोकं, त्यामुळे 'मॉरी आफायो', डोकं दुखतंय, असं बाई म्हणाल्या की घरात कुणीतरी प्लंबरचा विषय काढायचं. आणि सर्वांत वाईट 'आनी'. तो मराठीत जोडतो, कोरियनमध्ये तोडतो: आनी म्हणजे नाही. उलट 'ने' म्हणजे होय. यजमान ताट पुढे करून "भात वाढू?" म्हणायचे, बाई सरावासाठी "ने" म्हणायच्या आणि ते भात उचलून आत न्यायचे.

कॉफीच्या बाबतीत मात्र मराठी माणूस नशीबवान. 'खॉफी' म्हणजे कॉफी आणि 'खोफी' म्हणजे नाकातून येणारं रक्त. इंग्रजीच्या कृपेने मिळालेला आपला 'ऑ' इथे कामी येतो. यजमानांनी, अर्थात, पहिल्याच प्रयत्नात घोळणा मागितला.

आकड्यांवर बाई जरा रुसल्या. कोरियनमध्ये मोजण्याचे दोन संच आहेत, एक देशी, एक चिनीतून आलेला, आणि दोन्ही एकाच घड्याळात नांदतात. तास देशी, मिनिटं चिनी. सात वाजून सात मिनिटं म्हणजे 'इल्गोप शी छिल पुन'. पहिला सात वेगळा, दुसरा वेगळा. मजला चिनी, वय बोलताना देशी. पण एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशीची पोरांकडून घोकंपट्टी करून घेणाऱ्या माणसाला तक्रारीचा अधिकार उरत नाही, हे त्यांनी प्रांजळपणे मान्य केलं.

वयाचा हिशेब आणखी मजेचा. परंपरेने तिथे मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि १ जानेवारीला सगळा देश एकदम वर्षाने मोठा. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! जून २०२३ मध्ये सरकारने कायद्याने जगासारखी मोजणी लागू केली. बाईंना यात नवल वाटलं नाही. त्यांच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात निम्म्या गावाचा जन्म १ जूनचा होता.

वय इतकं महत्त्वाचं, कारण ते कळल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. बाईंनी आधी 'तुम्ही'साठी शब्द शोधला. शब्दकोशात 'तांगशिन' मिळाला आणि वहीत लाल शाईने चढलाही. मग कळलं की तो नवरा-बायकोत चालतो किंवा रस्त्यावरच्या भांडणात. अनोळखी माणसाला म्हटला तर पहिल्या नात्यापेक्षा दुसरं जुळण्याची शक्यता जास्त. एरवी माणसाला हुद्द्याने किंवा नात्याने हाक मारायची. मुलीचा मोठा भाऊ 'ओप्पा', मुलाचा मोठा भाऊ 'ह्यॉङ'. हे ठाऊक नसलेले यजमान मालिकेतल्या नायिकेचं ऐकून नायकाला बघताच "आला बघ ओप्पा" म्हणायचे. तिथे ओप्पा प्रियकरालाही म्हणतात, हे नातीने सांगितल्यावर ते काही दिवस बातम्या बघत होते. बाईंच्या वहीत मात्र एका पानावर तीन चांदण्या आहेत. कोरियात साध्या खानावळीत वाढणाऱ्या बाईला 'इमो' म्हणून हाक मारतात. इमो म्हणजे मावशी. आत्याला वेगळा शब्द आहे, 'कोमो'; पण पोळी वाढते ती मावशीच, तिथेही.

क्रियापदांनाही मान असतो. साधं जेवणं 'मॉक्ता', मोठ्यांचं जेवणं 'तुशिदा'. जेवण 'पाप', वडीलधाऱ्यांचं तेच जेवण 'चिंजी'. खा, जेवा आणि गिळा यांतला फरक जाणणाऱ्या भाषेत वाढलेल्या बाईंना हे पटलं, फक्त वेळेवर आठवेना.

परीक्षेचा दिवस खराडीला आला. नगर रस्त्याने पुढे रांजणगावला एलजीचा मोठा कारखाना, त्यामुळे पुण्यात कोरियन कुटुंबं दिसतात. लेकीच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये तळमजल्यावर एक पांढऱ्या केसांच्या कोरियन आजी शिरल्या. बाईंनी कमरेत वाकून "आन्न्यॉङहासेयो" म्हटलं. आजी चकित. मग बाईंनी ठेवणीतलं वाक्य काढलं, जेवलात का, जे तिथेही साताऱ्याइतकंच ख्यालीखुशालीचं असतं: "पाप मॉगॉस्सॉयो?" म्हणून झाल्यावर आठवलं, चिंजी म्हणायचं होतं. आपण त्या माउलीला जवळजवळ 'गिळलंस का' विचारलं!

आजी मनापासून हसल्या. "ने," म्हणाल्या आणि एक लांबलचक वाक्य सुरू केलं. बाईंनी कान टवकारले. 'उरी त्ताल' कळलं, त्ताल अगदी आवळलेला, मुखवटा नव्हे. 'खॉफी' कळलं, नाकाचा संबंध नव्हता. 'यॉदॉल शी', आठ वाजता, हेही कळलं. आता फक्त क्रियापद यायचं होतं. या, येऊ नका, गेली, येईल, पितो, पीत नाही, सगळं त्याच्यावर. आणि तेवढ्यात सातवा मजला आला, दार उघडलं, लेक समोरच उभी. बाई बाहेर पडल्या, दार मिटलं, आजींचं वाक्य वर निघून गेलं.

"काय म्हणाल्या गं?" लेकीने विचारलं.

"मुलगी, कॉफी आणि आठ वाजता."

"म्हणजे बोलावलंय?"

बाईंना सांगता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आणि पुन्हा रात्री आठला त्या इरकल नेसून, वेणी घालून सोफ्यावर बसून राहिल्या. बेल वाजली नाही. तेव्हापासून लिफ्टमध्ये कुणी कोरियन दिसलं, की बाई सातऐवजी सर्वांत वरच्या मजल्याचं बटण दाबतात.