सर्टिफिकेट द्यायचं कोणी?

जालन्याची 2014 ची विधानसभा निवडणूक 296 मतांनी निकाली निघाली. अर्जुन खोतकर जिंकले, कैलास गोरंट्याल हरले आणि हायकोर्टात गेले. खोतकरांचे उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतले, अशी तक्रार. साक्षीला माणसं आणायची गरजच नव्हती, कारण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे चालू होते. चित्रीकरण निवडणूक यंत्रणेचं, ताबा तिचाच, आणि कोर्टाच्या हुकमावरून सीडी हजर केल्या त्याही तिनंच.

तरी त्या सीडी पुराव्यात वाचायच्या की नाही, हे भांडण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. सोबत एक कागद नव्हता, वकील ज्याला ‘65-बीचं सर्टिफिकेट’ म्हणतात तो. अमुक यंत्रावर ही नोंद झाली, यंत्र तेव्हा नीट चालत होतं, प्रत त्यातूनच काढली आहे, एवढं सांगून खाली जबाबदार माणसानं सही करायची. गोरंट्याल यांनी तो वारंवार मागितला. ज्यांच्या हातात होता त्यांनी दिला नाही.

पुढे काय झालं पाहा. औरंगाबाद खंडपीठानं अधिकाऱ्यांची तोंडी साक्ष पुरेशी मानली आणि नोव्हेंबर 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. आमदारकीची मुदत संपली, 2019 ची निवडणूकही होऊन गेली, आणि 14 जुलै 2020 रोजी न्या. नरिमन यांच्या पीठाचा निकाल आला. सर्टिफिकेट सक्तीचंच आहे, तोंडी साक्षीनं ती उणीव भरून निघत नाही. मात्र ज्यानं ते मिळवण्यासाठी करता येईल ते सगळं केलं आणि तरी त्याला मिळालं नाही, त्याच्याकडून कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. हायकोर्टाचा निकाल कायम राहिला. एका सहीअभावी ज्या सभागृहाचा वाद होता ते सभागृहच इतिहासजमा झालं होतं.

सर्टिफिकेटचा नियम चुकीचा आहे, असं मी म्हणत नाही. तो हवाच. क्लिप कापता येते, जोडता येते, आता तर माणसाचा आवाजही बनवता येतो. संसद हल्ला खटल्यात 2005 साली सुप्रीम कोर्टानं या बाबतीत सैल धोरण घेतलं होतं. 18 सप्टेंबर 2014 च्या अन्वर निकालानं ते बदललं, आणि ते योग्यच झालं. जालन्यातला तो दिवस त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी उगवला.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. नोंद ज्याच्या ताब्यात, तो हात झाडून मोकळा, आणि ती खरी असल्याचा कागद आणायला धावायचं मात्र ज्याच्या हातात काहीच नाही त्यानं. कागदाच्या जमान्यात हे असं नव्हतं. 1872 च्या पुरावा कायद्यानं सरकारी अधिकाऱ्यावर सरळ बंधन घातलं: ज्याला तो दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे त्यानं फी भरून मागितल्यावर नक्कल द्यायची, आणि तिच्या तळाशी ती खरी असल्याचा दाखला, तारीख, सही, हुद्दा घालायचा. तहसील कचेरीच्या नकलेवर तो शिक्का असतो म्हणून कोणी शेतकरी स्वतः शपथेवर सांगत बसत नाही की ही नक्कल खरी आहे. बँकांच्या वह्यांसाठी 1891 चा स्वतंत्र कायदा आहे. उताऱ्याखाली दाखला बँकेनंच लिहून द्यायचा. इंग्रजाला जे कळलं होतं ते कॅमेऱ्याच्या बाबतीत आपण का विसरावं?

1872 च्या त्या कायद्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 नं सर्टिफिकेटचे दोन भाग केले. पहिल्यावर पक्षकाराची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि दोन्हींत फाईलची हॅश व्हॅल्यू. ही हॅश उत्तम गोष्ट आहे. फाईलमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं की आकडा पार बदलतो, त्यामुळे फेरफार लपत नाही. पण तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, हे त्या कलमात सांगितलेलं नाही. पोलिसांच्या मागे प्रयोगशाळा असते, मोठ्या कंपनीकडे पगारी माणसं असतात. थकलेला पगार मागणाऱ्या सुरक्षारक्षकाची हजेरी मालकाच्या ॲपमध्ये आहे. त्यानं तज्ज्ञ कुठून आणायचा, आणि त्याची फी कशातून द्यायची?

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. धमकीचे मेसेज ज्या फोनवर आले तो विकू नका, बदलू नका. मूळ यंत्र घेऊन मालक स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तर सर्टिफिकेट लागत नाही, असं 2020 च्याच निकालात आहे. आणि चित्रीकरण दुसऱ्याकडे असेल तर लगेच लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बऱ्याच ठिकाणी सीसीटीव्हीचं जुनं चित्रीकरण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. नकार मिळाला तर कोर्टालाच अर्ज करा. सर्टिफिकेट मागवण्याचा अधिकार कोर्टाला आहे.

सरकारनं करायचं ते साधं आहे. जो कोणी रेकॉर्डिंगची प्रत देईल, त्यानं त्याच वेळी हॅशसकट सही केलेलं सर्टिफिकेट द्यावं, असा नियम करावा. नाकारणाऱ्या अधिकाऱ्याला व्यक्तिशः दंड लावावा. आणि दर जिल्हा न्यायालयात ठरावीक, परवडणाऱ्या फीमध्ये दुसऱ्या भागावर सही करणारा एक सरकारी तज्ज्ञ नेमावा, गडचिरोलीतसुद्धा.