आधी वजन करा

आमच्या कुत्रीचं, चिंगीचं, खरं वजन मला तिसऱ्या दवाखान्यात कळलं. पहिल्या दवाखान्यात वजनकाटा होता, पण त्यावर कुत्र्यांच्या खाद्याच्या पोत्यांची थप्पी लावलेली होती. दुसरीकडचा काटा बंद होता. त्याचे सेल संपले होते आणि आणायचे राहून गेले होते. दोन्हीकडे तिला नजरेनंच जोखलं. एकानं अठरा किलो धरले, दुसऱ्यानं बावीस. तिसरीकडे काट्यावर उभी केली तेव्हा आकडा आला १५.४.

एवढ्याशा गोष्टीवरून काय चिडायचं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. कुत्र्याच्या औषधाचा डोस किलोमागे इतके मिलिग्रॅम असा ठरतो. साडेपंधरा किलोंच्या जनावराला बावीस किलोंचा हिशोब लावला तर औषध जवळजवळ दीडपट जातं. मुक्या जनावराला मळमळतंय, चक्कर येतेय, हे ते सांगणार कुणाला?

मी महाळुंग्याला एका कारखान्यात क्वालिटीत आहे. आमच्याकडे साध्या व्हर्नियरवरही स्टिकर असतं : कॅलिब्रेशन कधी झालं, पुढचं कधी. तारीख उलटलेल्या व्हर्नियरनं मोजलेला माल पुढे सरकत नाही. मोशीत आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यालाही वैधमापनाचा शिक्का आहे. मग जिथे आकड्यावर जीव अवलंबून आहे तिथला काटा पोत्यांखाली का असावा, हा माझा साधा प्रश्न आहे.

चिंगी गावठी आहे. कंपनीच्या स्क्रॅप यार्डात पत्र्याखाली सापडली, तेव्हा तळहातावर मावत होती. गेल्या पावसाळ्यात तिनं दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, आणि आईनं तिच्या कानामागून दोन गोचिडी काढल्या. तेव्हापासून आमचं दवाखाने फिरणं सुरू झालं.

पूर्वी या भागात जनावराचा डॉक्टर निवडायचा प्रश्नच नव्हता. मोशी, चिखली, कुरुळी ही बैलवाल्यांची गावं. आमच्या शेजारच्या आबांकडे अजून खिलार खोंड आहे. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातले डॉक्टर मोटारसायकलवर गोठ्यात यायचे आणि कुणाच्या हाताला गुण आहे, हे गावाला ठाऊक असायचं. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, घाट पुन्हा भरायला लागले, आणि बैलवाल्यांची ती माहिती आजही एका फोनवर मिळते. फ्लॅटमधल्या माणसाला ती मिळत नाही. तो लातूरहून, जळगावहून, कुठून कुठून नोकरीसाठी आलेला. शेजारच्याचं नाव त्याला माहीत नसतं, मग डॉक्टरच्या हाताचा गुण त्याला कोण सांगणार? तो पाटी वाचतो. आणि पाटीवर कुत्र्याचा मोठा फोटो असतो, डॉक्टरचं नाव नसतं.

ही माझी दुसरी तक्रार. पशुवैद्यकाची पदवी इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांची आहे. १८८६पासून परळच्या महाविद्यालयात हे शिक्षण दिलं जातंय. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४चा आहे आणि त्यानुसार नोंदणी असलेल्यालाच पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येतो. इतकं शिकून मिळवलेलं नाव आणि नोंदणी क्रमांक दारावर लावायला अडचण कसली? पहिल्या ठिकाणी चिंगीला एका तरुण मुलानं तपासलं, इंजेक्शनही भरून ठेवलं. मी विचारलं, "डॉक्टर तुम्हीच का?" तो म्हणाला, "नाही दादा, सर सातला येतात." विचारलं नसतं तर कळलंही नसतं. मुलगा चांगला होता, चिंगीला त्यानं मायेनं धरलं. पण हे मी विचारल्यावर कळावं, हे बरोबर नाही.

सातला सर येतात, तेव्हा माझी सेकंड शिफ्ट असते. दवाखाने साधारण दहा ते एक आणि सहा ते नऊ उघडे. हे वेळापत्रक दिवसा ऑफिसात जाणाऱ्या शहरासाठी आहे. इथे अर्धी वस्ती शिफ्टमध्ये जगते. फर्स्ट शिफ्टवाला सुटून बसनं घरी पोहोचतो, तेव्हा दवाखान्याचं शटर अर्धं खाली असतं. चाकणचा दवाखाना गाठावा म्हटलं तर मोशीहून अंतर दहा-बारा किलोमीटर, पण नाशिक हायवेला तळेगाव चौकात कंटेनर अडकला की आजारी जनावर मांडीवर घेऊन माणूस तासभर तिथेच. म्हणून दवाखान्यांची तुलना करताना मी किलोमीटर धरत नाही, मध्ये चौक किती लागतात ते मोजतो. आणि दुपारी दोन ते चार दार उघडं ठेवणारा एक तरी डॉक्टर या पट्ट्यात असावा, असं मला मनापासून वाटतं.

आता चिंगीच्या तापाबद्दल. गोचिडीतून होणाऱ्या तापाचे दोन प्रकार आपल्याकडे नेहमी दिसतात, एर्लिकिया आणि बबेसिया. एर्लिकियात रक्तातल्या प्लेटलेट्स उतरतात. त्यावर डॉक्सिसायक्लिन नावाची साधी, स्वस्त गोळी चालते, पण ती साधारण २८ दिवस द्यावी लागते. कुत्रं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उठतं, शेपूट हलवतं, खायला मागतं, आणि तिथेच बहुतेक घरांत गोळी थांबते. जंतू अंगात राहतो आणि दुखणं पुन्हा उलटू शकतं. हे मला आज माहीत आहे. पहिल्या दवाखान्यातून मात्र मला एक चिठोरं मिळालं होतं. त्यावर गोळीचं नाव आणि १-०-१. किती दिवस, ते नाही. तापमान किती होतं, रक्त का तपासलं नाही, चिंगीचं नाव काय, काहीच नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी ते चिठोरं उलटसुलट करून पाहिलं आणि सगळं पहिल्यापासून विचारलं. आमच्या कारखान्यात वीस रुपयांच्या ब्रॅकेटबरोबर इन्स्पेक्शन रिपोर्ट जातो. घरच्या जनावराबरोबर एक कागद जायला हवा. केस पेपरची प्रत मागितली की काही ठिकाणी चेहरे बदलतात, जणू मी भांडायलाच आलोय. मला भांडायचं नसतं. पुढच्या डॉक्टरला दाखवायला कागद हवा असतो.

लसीबद्दलही बोलायला हवं. रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. आपल्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारखान्यांची सुट्टीच त्यावर बेतलेली. मग दवाखान्यातला फ्रिज इन्व्हर्टरवर आहे का, हा प्रश्न विचारणं उद्धटपणा कसा? मी तो तिन्ही ठिकाणी विचारला. एके ठिकाणी "त्याची काळजी तुम्ही करू नका" असं उत्तर मिळालं. काळजी मीच करणार. माणसाला असो की कुत्र्याला, रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की बहुधा कुणी वाचत नाही. पाश्चरनं ६ जुलै १८८५ला पहिल्यांदा एका मुलाला ही लस टोचली. तोच दिवस जगभर प्राणिजन्य आजारांचा दिवस म्हणून पाळतात. लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबराचं स्टिकर कार्डावर चिकटवायला दहा सेकंद लागतात. पहिल्या दवाखान्यानं नुसती सही केली होती.

बाकाचंही तसंच. तपासायला नंबर येईपर्यंत सगळे एकाच बाकावर : लसीला आणलेलं दीड महिन्याचं पिल्लू, रक्ताची हगवण लागलेलं कुत्रं, टोपलीत थरथरणारं मांजर. हगवण पार्व्होची असली तर तो विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो आणि फिनेलनं मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. जागा लहान आहे, मान्य. पण लसीवाल्यांना सकाळची वेळ आणि आजाऱ्यांना संध्याकाळची, इतकी वाटणी करायला जागा लागत नाही. हगवणीचं जनावर बाहेर गाडीतच तपासता येतं.

आणि '२४ तास' ही पाटी. आमच्याकडे गोट्या नावाचा बोका आहे. एका रात्री सेकंड शिफ्टवरून एक वाजता घरी आलो, तर तो मातीच्या ट्रेमध्ये बसून कण्हत होता, लघवीचा थेंब नाही. बोक्याची लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. २४ तासवाल्या दवाखान्याला फोन लावला, तो बंद. गाडीवर जाऊन आलो, कुलूप. रात्रभर आई त्याच्या शेजारी जमिनीवर बसली होती. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांनी नळी घालून लघवी काढली आणि गोट्या वाचला. डॉक्टरांनीही झोपावं, माझं काही म्हणणं नाही. रात्री दार उघडणं जमत नसेल तर पाटीवर दहा ते नऊ लिहा, आणि खाली एक ओळ : रात्री अमुक ठिकाणी जा. त्या एका ओळीनं आमचे सहा तास वाचले असते.

फीबद्दल मी सर्वात कमी बोलणार आहे, कारण स्वस्त दवाखाना मी शोधत नाही. हे लोक चावे खातात, ओरबाडून घेतात, आणि वर मालकांची बोलणी ऐकतात. त्यांनी योग्य पैसे घ्यावेत. पण फोनवर "मादीच्या ऑपरेशनचा अंदाजे खर्च किती, भूल देण्याआधी रक्त तपासता का" एवढं विचारलं तर "घेऊन या, मग बघू" हे उत्तर देऊ नये. पगार हातात पडायला सात तारीख उजाडते, माणसाला जुळवाजुळव करावी लागते.

तिसरा दवाखाना स्पाइन रोडजवळच्या एका गल्लीत, एका लहानशा गाळ्यात आहे. एसी नाही, काचेचं दार नाही, दर्शनी भागात गळपट्टे आणि बिस्किटं टांगलेली नाहीत. डॉक्टरबाईंचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक दारावर. चिंगीला घेऊन आत गेलो तर त्या म्हणाल्या, "दादा, बोलू आपण. आधी तिला काट्यावर उभी करा." मग ताप मोजला, रक्त घेतलं, आणि कागदावर लिहिलं : वजन १५.४, ताप १०४, गोळ्या २८ दिवस. शेवटच्या तीन शब्दांखाली रेघ ओढली. "चौथ्या दिवशी ती पळायला लागेल. तरी थांबवू नका." पाचव्या दिवशी चिंगी पळायला लागली. आई गोळी बंद करायला निघाली होती, तेव्हा मी तो कागद तिच्यापुढे धरला.

फ्रिजचं विचारल्यावर बाईंनी तो उघडूनच दाखवला. आत थर्मामीटर टांगलेला होता, आकडा पाच.

तुम्ही चाकणला असा, भोसरीला असा, नाहीतर वाकडला, पुढच्या वेळी जनावराला घेऊन गेलात की आधी वजन करायला सांगा. काट्यावर पोती असतील तर थांबा, ती उचलायला लावा. आणि आलेला आकडा कागदावर लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.