खर्जातले भाऊ

यवतमाळात सिगारेट ओढणारा माणूस तसा अल्पसंख्याकच. हा जिल्हा खर्र्याचा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घोटायचा, गालात धरायचा आणि पुढचा अर्धा तास जगाशी मानेनंच बोलायचं. वकील, मास्तर, तलाठी, सगळ्यांचं त्यात भागतं. रेडिओच्या उद्घोषकाचं भागत नाही. गालात खर्रा धरून 'आकाशवाणी' म्हणून बघा. 'आ' निघतो, बाकीची सगळी माईकवर उडते. ज्याला तोंड रिकामं ठेवूनच पोट भरायचं आहे, त्यानं धूर गिळण्यावाचून काय करावं?

तर हे भाऊ. यवतमाळ १०२.७ मेगाहर्ट्झवर बोलू लागलं तेव्हाचे. (त्याआधी नागपूरला ५८५ किलोहर्ट्झवर त्यांचेच थोरले बंधू खोकत होते, फेडर खाली ओढून.) महिन्याला सहा ड्यूट्या मिळणारे नैमित्तिक उद्घोषक, पण केंद्राबाहेरच्या पानठेल्यावरची उधारी कायम नोकरीवाल्याची. चारमिनारनं आवाजाला बूड येतं, ही त्यांची श्रद्धा. नव्या पोराचा आवाज कोवळा निघाला की ते कळवळून सांगत, "चांगला आहे रे, पण अजून भाजला नाही."

स्टुडिओत ओढायची सोय नव्हती. दोन जाड दारं, लाल दिवा, भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, खाली गालिचा. ठिणगी पडली तर गालिचाआधी नोकरी जळायची. त्यामुळे ओढणं बाहेर आणि गाणं आत, अशी विभागणी झाली आणि भाऊंच्या संगीतविषयक अभिरुचीला वळण लागलं. ७८ ची जुनी तबकडी तीन-सव्वातीन मिनिटांची, म्हणजे अर्धी सिगारेट. थोटूक विझवून पाकिटात. लाँगप्लेवरची कव्वाली लागली की एक पूर्ण. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या, दहा मिनिटं, म्हणजे दोन. देशात काय चाललंय हे भाऊंना कधीच कळलं नाही. आणि रात्री स्पूलवर विलंबित ख्याल चढवला की चहासुद्धा. सा कुठला नि रे कुठला ते न कळणारे कितीतरी उद्घोषक ख्यालगायकीचे निस्सीम भक्त होते, ते उगाच नव्हे.

ठेल्यावरचा रेडिओ अर्थातच यांच्याच केंद्रावर लावलेला. भाऊ झुरका घेताना एक कान तिकडे. शेवटचा अंतरा सुरू झाला की पाय निघायचे, ध्रुवपदाला पहिलं दार, सारंगी संपता संपता खुर्ची. एकदा मात्र सुई अडकली. गायिका एकाच शब्दावर थांबली आणि तोच तोच पुकारू लागली. भाऊंना वाटलं, काय तान घेतलीय!

"भाऊ," ठेलेवाला म्हणाला, "तुमचं गानं अटकलं नं बावा!"

भाऊ धोतर असतं तर सुटलं असतं असे धावले. दीड मिनिटानं रेडिओतून तोच शांत, भारदस्त, किंचित धापणारा आवाज आला : तांत्रिक कारणामुळे आलेल्या व्यत्ययाबद्दल क्षमस्व.

"तांत्रिक कारन आत्ताच इथून पऱ्हालं," ठेलेवाल्यानं गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं. "पैशे द्याचे रायले."

(ही गोष्ट प्रत्येक केंद्राचे लोक शेजारच्या केंद्राची म्हणून सांगतात. मीही तेच करतो आहे.)

पुढे संगणक आला, गाण्यामागून गाणं आपोआप वाजू लागलं. आता हवं तितकं ओढायला मोकळीक होती. नेमकी २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी बंदी आली. भाऊ तोवर निवृत्तीला टेकले होते. हल्ली लग्नांत, सत्कारांत सूत्रसंचालन करतात. आवाज आणखी खाली गेलाय, लोक वाखाणतात. मध्यंतरी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. वर्षानुवर्षांच्या धुरानं स्वरयंत्राच्या पडद्यांना सूज येते, पडदे जड होतात, म्हणून आवाज उतरतो, असं समजावून सांगितलं. सूज शस्त्रक्रियेनं काढता येते, म्हणाले.

"काढा की," भाऊ म्हणाले. "पण खर्ज राहील ना, डॉक्टरसाहेब? तेवीस तारखेला दारव्ह्यात कार्यक्रम घेतलाय."