राज्य म्हशीचं, नाव मिरचीचं

देशातल्या कुठल्याही शहरात, कुठल्याही हॉटेलात बसून मेनूकार्ड उघडावं. पनीर बटर मसाला, काजू करी वगैरे मंडळी झाली की 'व्हेज कोल्हापुरी' हजर. फ्लॉवर, गाजर, फरसबी, वाटाणा असं फ्रीजमधलं उरलंसुरलं लालभडक रश्श्यात ढकलायचं, वर एक आख्खी सुकी मिरची तळून ठेवायची, की झालं कोल्हापूर तयार. या भाजीचा कोल्हापुराशी संबंध इतकाच, की शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत कुठल्याही घरात ती शिजत नाही. एखाद्या माउलीनं 'आज व्हेज कोल्हापुरी केलीय' असं जाहीर केलं, तर घरची माणसं आधी तिला ताप आलाय का ते बघतील. तरीही या भाजीच्या जोरावर सगळ्या देशानं ठरवून टाकलंय, की कोल्हापुरी म्हणजे तिखट आणि कोल्हापूर म्हणजे मिरचीचं गाव. या सदराचं म्हणणं असं, की ही निव्वळ अफवा आहे. कोल्हापूर म्हशीचं शहर आहे. आणि अफवा पसरवण्यात बाहेरच्यांपेक्षा खुद्द कोल्हापूरकरांचाच हात मोठा आहे.

पहिला पुरावा ताटातलाच. मटणाच्या ताटात वाट्या दोन येतात, तांबड्या रश्श्याची आणि पांढऱ्या रश्श्याची. पाहुण्याची नजर तांबड्यावर. तो फोटो काढतो, घाबरतो, घोट घेतो, नाक पुसतो आणि गावी जाऊन पराक्रम सांगतो. पांढऱ्याबद्दल तो बोलत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं संकट नसतं. मटण शिजताना निघालेलं अळणी, त्यात नारळाचं दूध, खसखस-तीळ-काजूचं वाटण, आलं-लसूण आणि थोडा खडा मसाला. लाल चटणीचा कणही नाही. हा रस्सा करताना आच मंद ठेवावी लागते, पळी फिरवत राहावं लागतं आणि उकळी फुटायच्या आत हात आवरावा लागतो, नाहीतर नारळाचं दूध फाटून वर पाणी आणि खाली चोथा. रांगडेपणाचा डंका पिटणाऱ्या शहराच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात नाजूक काम हेच. त्यात शास्त्रही कोल्हापूरकराच्या बाजूनं आहे. मिरचीतला जाळ ज्यामुळं होतो ते कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. म्हणून पाहुणा तांबड्यावर तांब्याभर पाणी पितो आणि आग जिभेवरून घशात नेतो. समोर बसलेला यजमान मात्र मधूनमधून पांढऱ्याचा भुरका मारत निवांत असतो. त्याला लोक 'तिखट पचवणारा गडी' म्हणतात. पचवत काही नाही, विझवत असतो.

दुसरा पुरावा चार पायांचा आहे. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात, समोर धार काढली जाते, आणि फेसानं काठोकाठ भरलेला कोमट ग्लास तिथल्या तिथं गिऱ्हाइकाच्या हातात पडतो. ग्लास रिकामा झाला तरी मिशीवर फेस राहतो आणि तो घाईनं पुसायची कुणाला गरज वाटत नाही. मोठ्या शहरांतली हॉटेलं हल्ली 'शेतातून थेट ताटात' अशी पाटी लावून जादा पैसे घेतात. गंगावेशीत पाटी लागत नाही, म्हैस दिसते. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात 1912 पासून एवढ्या कुस्त्या झाल्या, पण ठेच्याच्या जोरावर कुणी कुणाला चितपट केल्याची नोंद नाही. पैलवानाचा खुराक दूध, तूप आणि बदामाची थंडाई. दिवाळी पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं लावून त्यांना वाजतगाजत बाहेर काढतात, मोटारसायकलच्या मागं पळवतात, आणि कुणाची म्हैस मालकाच्या हाकेला किती धावून आली यावर पुढचे दोन महिने पैजा रंगतात. मिरचीची मिरवणूक कुणी काढलीय काय?

राजकारण बघा. जिल्ह्याचा दूध संघ, म्हणजे आपला 'गोकुळ', 1963 साली स्थापन झाला आणि तेव्हापासून जिल्ह्याच्या सत्तेचा रस्ता त्याच्या दारावरून जातो. विधानसभेला कोण निवडून आलं हे एखादा विसरेल, पण 2021 साली गोकुळमध्ये सत्तांतर झालं त्याचं पोस्टमॉर्टेम चहाच्या टपऱ्यांवर अजून संपलेलं नाही. संघाचा संचालक व्हायला माणसं जिवाचं रान करतात. मिरचीच्या कारभारासाठी कुणी पॅनेल टाकलं, गुलाल उधळला, मतदारांना सहलीला नेलं, असं ऐकिवात नाही. ज्या पदार्थासाठी निवडणुका लढवल्या जातात तो गावाचा खरा पदार्थ, एवढं राज्यशास्त्र तरी मान्य व्हावं. गंमत म्हणजे मुंबईकर सकाळच्या चहात गोकुळचं म्हशीचं दूध ओततो तेव्हा तो अस्सल कोल्हापुरी खात-पीत असतो, पण त्याला ते ठाऊक नसतं. संध्याकाळी हॉटेलात लाल भाजी मागवतो आणि म्हणतो, आज कोल्हापुरी.

दुधाच्या जोडीला गूळ. शाहूपुरी वसली 1895 साली, ती या गुळाच्या व्यापारासाठीच. पुढं राधानगरीचं धरण झालं, ऊस वाढला, गुऱ्हाळं वाढली, आणि आजही पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या गुळाचे सौदे निघतात. संध्याकाळी शहर बाहेर पडतं तेही गोडाच्याच ओढीनं. राजाभाऊंची भेळ खाऊन झाली की पाय सोळंकीच्या आईस्क्रीमकडं वळतात, नाहीतर दूध कोल्ड्रिंककडं. थंडपेयातसुद्धा दूध घातल्याशिवाय ज्या गावाला चैन पडत नाही, त्याला तिखट म्हणायचं म्हणजे कमाल झाली.

आता मिरचीचा पत्ता शोधू. एप्रिल-मे आला की घराघरांतून वर्षाच्या चटणीची तयारी सुरू होते. मिरच्या उन्हात पडतात, देठं खुडली जातात, शिंकांचा हंगाम लागतो. पण मिरच्या कुठल्या? संकेश्वरी आणि ब्याडगी. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात, ब्याडगी हावेरी जिल्ह्यात. सीमाप्रश्नावर गेली कित्येक दशकं आपण घोषणा देतोय, त्या घोषणा देणाऱ्या घशातली चटणी मात्र सीमेपलीकडून येते. त्यातही ब्याडगीची ख्याती रंगासाठी आहे, जाळासाठी नाही. शिवाय चटणीत भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, कांदा आणि लसूण इतका पडतो, की मिरचीला एकटीला मिरवायची सोयच राहत नाही. भौगोलिक मानांकनाची यादी काढली तर जिल्ह्याच्या नावावर गूळ आहे, आजरा घनसाळ तांदूळ आहे, चप्पल आहे, आणि चपलेचं मानांकनही कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांशी वाटून घेतलेलं. मिरचीचं मानांकन ब्याडगीला मिळालं, आपल्या राज्यात नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरला मिळालं. कोल्हापूरच्या वाट्याला नाही. तिखटाच्या स्पर्धेतसुद्धा नागपूरचं सावजी आपल्याला बसल्या जागी गारद करेल, आणि ईशान्येच्या भूत जोलोकियाचं तर नावच काढू नये.

यावर कुणी म्हणेल, मग लवंगी मिरची कोल्हापूरची, हे आजवर ऐकत आलो ते काय? त्याचं उत्तर पडद्यावर आहे. बाबूराव पेंटरांनी इथं सिनेमा रुजवला, 1929 साली प्रभात फिल्म कंपनी इथंच जन्मली आणि चार वर्षांत पुण्याला गेली. मागं राहिलेल्या स्टुडिओंतून पुढं तमाशापटांचं पीक आलं. फेटा, वाडा, पाटील, फडावरची नखरेल बाई आणि ठसक्यात मिरचीची उपमा, असा संच एकदा बसला की दिग्दर्शकाला वेगळी मेहनत घ्यावी लागत नाही. दुधाचा ग्लास घेऊन फडावर कुणी नाचत नाही, हा दुधाचा दोष नाही. सिनेमानं जे रंगवलं ते देशानं खरं मानलं, आणि हळूहळू कोल्हापूरकरानंही. आता पाहुणा आला की 'पाव्हणं, सोसंल काय?' असं विचारून वाढण्याची प्रथाच पडलीय. हा प्रश्न ऐकल्यावर कुठला स्वाभिमानी पाहुणा नाही म्हणेल? तो मान डोलावतो, यजमान कटाची पळी तिरकी करून वरचा तवंगच तेवढा त्याच्या ताटात सोडतो, आणि मग सगळं घर त्याच्या तोंडाकडं बघत बसतं. अफवेला असा घरोघरी पुरावा तयार केला जातो.

व्यवहारी माणसाचा आक्षेप वेगळा. तिखटाच्या नावावर गिऱ्हाईक येतं, धंदा चालतो, मग तुमच्या पोटात का दुखतं? पोटात पाहुण्याच्या दुखतं, हे आधी ध्यानात घ्यावं. शिवाय नावाचा धंदा दुसरेच करतायत. 2025च्या जूनमध्ये प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल मिरवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा केवढा गहजब झाला. बरोबरच होता. चप्पल घेतली, नाव दिलं नाही, हा अन्याय. मग व्हेज कोल्हापुरीत नाव घेतलंय आणि आत कोल्हापूरचं काहीच नाही, हा उलटा अन्याय देशभर रोज दोन वेळा होतोय, त्यावर एक निवेदनसुद्धा का निघू नये? उलट हायवेवरच्या आपल्याच हॉटेलांनी ती भाजी आता मेनूकार्डात घेतलीय. परगावी गेलेली अफवा लग्न करून माहेरी परत आली आणि आपण तिची ओटी भरली.

राहता राहिली मिसळ. तिखटवाल्यांचा हा शेवटचा बुरूज, आणि तो मजबूत आहे हे मान्य करावं लागतं. सकाळी सातला कपाळावर घाम आणणारा पदार्थ दुधाच्या खात्यात घालता येत नाही. पण मिसळीचा खटला कोल्हापूरकराच्याच साक्षीवर चालवू. या गावात मिसळीबद्दल मत असणं हे मतदार यादीत नाव असण्याइतकं आवश्यक आहे, आणि फुटबॉलमध्ये आपला संघ पाटाकडील की दिलबहार हे जसं जन्मानं ठरतं तसंच ते बहुतेकदा ठरलेलं असतं. कुणी फडतरेवाला, कुणी बावडेकर, कुणी खासबागेचा, कुणी चोरग्यांचा. आपल्या मिसळीची स्तुती करताना यातला एकही माणूस 'लय तिखट' असं म्हणत नाही. तो मटकी कशी शिजलीय ते सांगतो, फरसाण मऊ पडत नाही म्हणतो, कटाला भाजल्या खोबऱ्याचा वास कसा येतो त्याचं वर्णन करतो, आणि स्लाईसचा पाव कटात किती वेळ बुडवावा यावर प्रवचन देतो. तिखट हा शब्द त्याच्या तोंडून एकदाच निघतो, दुसऱ्या पेठेतल्या मिसळीचा विषय निघाल्यावर. "त्यात काय हाय भावा? नुसतं तिखट!"